तेल पिणारे मोदक

जगात सांडलेलं तेल पुसणारी माणसं पुष्कळ आहेत. तेल कधी सांडतं याची वाट पाहत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे आतोबा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातून पातळ तुपाची वाटी कलंडली की बायका पदर आवरत मागे सरायच्या, पुरुष वाढप्यावर डाफरायचे, आणि आतोबा खिशात हात घालत पुढे सरायचे. निवृत्त माणसाच्या खिशात चष्मा असतो, मधुमेहाच्या गोळ्या असतात, फार तर घरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. यांच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पांढराशुभ्र मोदक असायचा. तो ते तुपाच्या ओघळावर ठेवायचे आणि उकिडवे बसून एकटक बघायचे. मोदक तूप प्यायचा. आतोबांच्या चेहऱ्यावर नातवाने पहिला घास खाल्ल्याचं समाधान पसरायचं, आणि आत्या लांबूनच माझ्याकडे बघून म्हणायची, "नंदू, त्यांना उठव रे. मुलाकडचे लोक बघतायत."

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्म कोलकात्याचा, शिक्षण कोलकात्याचं, आणि उभा जन्म इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलेला. निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने त्यांना शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. घरी आल्यावर आतोबांनी घड्याळ आत्याला दिलं आणि तिच्याकडून ताकाची रवी मागून घेतली. हा सौदा आपल्याला फार महाग पडला असं ती अजून म्हणते.

रवी अशासाठी, की त्यांना एक जाळीदार पदार्थ करायचा होता. तो तेल पिईल, डिझेल पिईल, रंगाचा थिनर पिईल, पण पाण्याला तोंड लावणार नाही. नदीत नाहीतर नाल्यात तेल सांडलं की तो टाकायचा आणि तेल भरलं की उचलून पिळायचा, असा बेत. कृती ते पाककृतीसारखी सांगत. रेझिन करायचा उग्र वासाचा द्रव घ्यायचा, हा त्यांना रंगाच्या कारखान्यातला एक जुना विद्यार्थी पाठवायचा. त्यात पाणी आणि तेल यांची सोयरीक जुळवणारं साबणाच्या जातीचं काहीतरी घालायचं, उजेड पडला की जागं होणारं एक औषध चिमूटभर घालायचं, आणि मग थेंब थेंब पाणी सोडत घुसळत राहायचं. द्रवाच्या आठ-नऊ पट पाणी त्यात जिरलं पाहिजे. तासाभराने चक्क्यासारखा घट्ट पांढरा गोळा होतो. तो साच्यात घालून जांभळ्या उजेडात धरला की घट्ट बसतो. मग धुवायचा आणि वाळवायचा. आतलं पाणी निघून जातं आणि जिथे जिथे थेंब होता तिथे भोक राहतं. "सगळं काम पाणी करतं," आतोबा सांगत, "आणि शेवटी स्वतः राहत नाही. जागा करून देऊन निघून जातं." आत्या कणीक मळता मळता म्हणायची, "माझी रवीही तशीच गेली हो. तिची जागा तेवढी खुंटीवर आहे."

साच्याची अडचण निराळीच होती. पांढऱ्या गोळ्यात उजेड फार आत शिरत नाही, म्हणून थर पातळ हवा आणि साचा आरपार दिसणारा हवा. घरात तसा साचा एकच होता: पुण्याहून आणलेला, प्लास्टिकचा, मोदकाचा. पहिले मोदक वरून टणक आणि आतून गिळगिळीत निघाले. आतोबा दोन दिवस जेवतानाही ते उलटसुलट करून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी आत्याने एक मोदक बोटांनी फोडून पाहिला आणि म्हणाली, "पारी जाड झाली की मोदक आत कच्चाच राहतो. तुमचं सारण काढा आणि पारी पातळ करा." आतोबा ताटावरून तसेच उठले. साच्याच्या मध्ये काचेची नळी बसवून त्यांनी पोकळ मोदक केला, म्हणजे उजेड बाहेरूनही लागेल आणि नळीतून आतूनही. त्या दिवशीची वहीतली नोंद मी नंतर पाहिली आहे: "सूचना सौ.ची. योग्य आहे. करून पाहिले."

जांभळ्या उजेडासाठी आधी गच्चीवरचं ऊन वापरून झालं, पण कोलकात्याच्या उन्हाचा भरवसा कोणी द्यावा. मग त्यांना शोध लागला की तळमजल्यावरच्या ब्यूटी पार्लरमध्ये नखांवरचा रंग वाळवायला तसाच दिवा असतो. तेव्हापासून रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की हा सत्तरीचा गृहस्थ आत्याचे भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून, हातात झाकलेला साचा घेऊन, लग्नाळू मुलींच्या रांगेत बसायचा. पार्लरवाल्या दीदींनी त्यांना कधी हटकलं नाही. "मेशोमोशाय, आपनार दोई जोमे गेछे," काका, तुमचं दही लागलं बरं का, अशी हाक त्या जिन्यातून द्यायच्या. दही नव्हे हो, असं आतोबा रोज समजावून सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक ऐकून खाली उतरायचे.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे वजन. सोनाराकडे असतो तसला काचेच्या पेटीतला छोटा काटा त्यांनी मिळवला होता आणि प्रत्येक मोदकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून त्यावर नंबर आणि वजन लिहिल्याशिवाय ते त्याला घराबाहेर पडू देत नसत. तेल प्यायच्या आधी किती, नंतर किती, पिळल्यावर किती. एकदा गच्चीत दोरीवर वाळत घातलेला एक मोदक कावळ्याने पळवला. सगळी गच्ची हसली. चौथ्या दिवशी तो पाण्याच्या टाकीमागे सापडला, चोचीच्या खुणांसकट, आणि कुठल्यातरी भजीवाल्याच्या कढईकडची सफर करून आल्यासारखा पिवळा झालेला. आतोबांनी त्याचंही वजन केलं आणि वहीत टिपून ठेवलं. म्हणाले, "बघ, कावळ्यानेसुद्धा तपासून परत दिला." हे वाक्य मला नंतर फार दिवस टोचत राहिलं. का, ते सांगतोच.

त्याआधी इथल्या मराठी मंडळातल्या मिसळीचं सांगायला हवं. गणपतीत एका रात्री मंडळात मिसळ होती आणि नुकतेच बदलीवर आलेले बँकेतले एक गृहस्थ आतोबांशेजारी बसले होते. त्या गृहस्थांच्या वाटीवर अशी लालभडक तर्री आली होती की आतोबांना राहवेना. "एक मिनिट हं," म्हणून त्यांनी खिशातला मोदक त्यात सोडला. तर्री बघता बघता नाहीशी झाली आणि खाली फिकट पाणी आणि मटकी उरली. गृहस्थ आ वासून बघत राहिले. "पाणी जसंच्या तसं आहे, पाहिलंत?" आतोबा आनंदाने म्हणाले, आणि मग त्यांची वाटीच उचलून घेतली, "पण आता खाऊ नका, हे प्रयोगाचं आहे." मिसळ तोवर संपली होती. त्या साहेबांनी त्या वर्षी गणपतीची वर्गणी दिली, पण परत जेवायला काही आले नाहीत.

हावड्याची गोष्ट याहून बरी. तिकडे लेथच्या छोट्या कारखान्यांमागच्या गटारावर काळ्या तेलाची साय असते हे कुणीतरी सांगितलं आणि आतोबा लाँचने नदी ओलांडून तिकडे पोचले. स्वच्छ धोतर, हातात वही, खिशात मोदक, आणि गटाराकडे बघून चेहऱ्यावर पसरलेला तो आनंद. मिस्त्रीला वाटलं, प्रदूषणवाले आले. त्याने खुर्ची दिली, चहा आणि संदेशाची मिठाई आणवली आणि हात जोडून म्हणाला, "साब, नाला तो हम लोग रोज साफ करता है." आतोबा घाबरले. म्हणाले, "नहीं नहीं, साफ मत करो, मुझे यही चाहिए." त्यानंतर लाचेच्या बाबतीत इतका उघड बोलणारा साहेब आपण पाहिला नाही, असं तो मिस्त्री सगळ्यांना सांगत असे म्हणतात.

आता माझं. मी बराकपूरला राहतो आणि शहरातल्या एका मोठ्या सरकारी कंपनीत बदल्या, रजा आणि बढत्यांच्या फायली बघतो. आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कंपनीची प्रयोगशाळा आहे. आतोबांना ते ठाऊक होतं. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे मात्र एका रविवारी मागितलं. "नंदू, माझं मी तपासून काय उपयोग? आपलं बाळ सगळ्यांनाच गोरं. एका खऱ्या लॅबने एकदा तपासावं आणि कागदावर लिहून द्यावं, चालतं किंवा चालत नाही. नाही चालत म्हणाले तरी चालेल." आणि संदेशाच्या रिकाम्या खोक्यात कापसावर मांडलेले पाच मोदक त्यांनी माझ्या हातात ठेवले.

सोमवारी मी ते खोकं घेऊन चौथ्या मजल्यावर गेलो. काचेच्या दारापर्यंत गेलो. आत पांढऱ्या कोटातली माणसं स्टीलच्या यंत्रांपुढे उभी होती आणि कशावर तरी हसत होती. मला वाटलं, मी हे खोकं उघडणार, आत कळ्या पाडलेले मोदक असणार, आणि ही माणसं तशीच हसणार. मग संध्याकाळपर्यंत कँटीनभर होणार की पर्सोनेलच्या मराठी बाबूंचे पाहुणे मोदकांनी गंगा साफ करणार आहेत. मी वळलो, खाली आलो आणि खोकं टेबलाच्या खालच्या खणात ठेवून दिलं. ज्या माणसाने मला शाळेत असताना मेणबत्ती का जळते हे तीन संध्याकाळी बसून समजावलं होतं, त्याची मला लाज वाटली. आता हे लिहिताना लाज वाटते ती माझी.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण महिन्याभराने आतोबांनी विचारलं, "लॅबवाले काय म्हणाले?" आणि मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेलो, "म्हणाले, चांगलं आहे, पण दुसऱ्यांदा पिळताना चुरा होतो." खोकं त्यांना परत दिलं. हे माझ्या तोंडात कुठून आलं देव जाणे. आतोबांचा चेहरा असा उजळला की मी जन्मात कुणाला एवढी चांगली बातमी दिली नव्हती. पुढचे तीन महिने त्यांनी चुरा न होणारा मोदक करण्यात घालवले. मग तो आला, आणि खणात गेला. मग मी म्हणालो, तेल गरम असलं तर तो मऊ पडतो म्हणतात. त्यात पावसाळा गेला. मग म्हणालो, फार वेळ ठेवला तर तेल गळतं म्हणतात. दीड वर्ष मी दर महिन्याला बेहालाला त्यांच्या घरी जाऊन, आत्याच्या हातचं थालीपीठ खाऊन, जुना आक्षेप मिटला की नवीन बनवून देत होतो. मेट्रोत बसल्या बसल्या मी तो तयार करायचो. इतकं निर्लज्ज माणसाने व्हावं कसं, याला उत्तर एवढंच, की एकेक पायरीने.

मग त्यांच्या डोळ्यांचं झालं. मोतीबिंदू काढला, पण मागच्या पडद्यानेच दगा दिला असं निघालं, आणि दुसरा डोळा आधीपासूनच नावापुरता होता. "उजेड दिसतो," आतोबा म्हणाले, "अक्षर दिसत नाही." काट्याचा आकडा दिसत नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण काचेच्या पेटीवर आत्याने रुमाल घातलेला मी पाहिला. त्या रविवारी ते काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते. मला म्हणाले, "जरा वही वाचून दाखव. चौदा नंबरपासून. कुठवर आलो होतो ते डोक्यात नीट बसवायचंय."

मी वही घेतली. ठसठशीत, शिक्षकी अक्षर. मी मोठ्याने वाचायला लागलो. "नमुना चौदा. नंदूच्या लॅबकडून परत. जातानाचे वजन चार ग्रॅम दोन दशांश. येतानाचे वजन तेच." इथपर्यंत आवाज होता. पुढची ओळ होती: "तेल लागलेले नाही."

"पुढे वाच," आतोबा म्हणाले.

"वाचतोय."

"मोठ्याने वाच. मला ऐकू येतं, दिसत नाही."

मी वाचलं. "तेल लागलेले नाही. लॅबचा आक्षेप: दुसऱ्या पिळण्यात चुरा होतो. स्वतः तीनदा पिळून पाहिले. चुरा होतो. आक्षेप योग्य आहे." त्याखाली नमुना एकोणीस: वजन तेच, तेल लागलेले नाही, आक्षेप योग्य आहे. नमुना चोवीस: वजन तेच. गळण्याचा आक्षेप तपासला, चूक आहे, गळत नाही. तरी विचारला हे बरे झाले. पानामागून पान तसंच होतं. स्वयंपाकघरात आत्याचा कणकेचा आवाज थांबला होता.

"आतोबा," मी म्हणालो, "मी लॅबमध्ये गेलोच नाही. एकदाही नाही. दारातून परत आलो."

"माझंच अक्षर आहे नंदू, काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ते म्हणाले, "कॉलेज सुटल्यापासून मला कुणी प्रश्नच विचारला नव्हता रे. तुझे प्रश्न चांगले होते. मी म्हटलं, बोललो तर तू यायचा थांबशील." आणि मग, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, "बरं, लॅबचा पुढचा आक्षेप काय आहे?"

मी कपाटातला शेवटचा मोदक मागून घेतला, नमुना एकतीस, आणि निघालो. आत्या जिन्यापर्यंत आली. ती रागावेल, निदान रडेल, असं मला वाटत होतं. तिने फक्त विचारलं, "या वेळी नेशील ना?"

सोमवारी मी काचेचं दार ढकललं. प्रयोगशाळेचे मोठे साहेब खडूस म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी मोदक हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन फिरवला, पोकळीत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "के बानियेछे?" कोणी केला, हा प्रश्न मी दीड वर्ष टाळत होतो. "माझ्या आत्याचे यजमान," मी म्हणालो. "घरी केलाय. नखं वाळवायच्या दिव्यात." साहेब हसले नाहीत. म्हणाले, कळ्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, हे डोकं चांगलं चालवलंय. आणि पोकळी ठेवल्यामुळे आतपर्यंत उजेड पोचलाय. मग मोदक एका बशीत ठेवून पाठ फिरवता फिरवता म्हणाले, "रेखे जान," ठेवून जा, शुक्रवारी या. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. जिना उतरताना मी मधल्या पायरीवर बसलो, कारण ती दोन मिनिटं माझ्याकडे दीड वर्ष होती, आणि त्यातला जवळजवळ सगळा काळ आतोबांना डोळे होते.

रविवारी कंपनीच्या कागदावरचा अर्ध्या पानाचा अहवाल घेऊन मी बेहालाला गेलो. इंजिन तेल चांगलं पितो, पाणी जवळजवळ नाही, पाच वेळा पिळूनही टिकतो, थिनरमध्ये मात्र फुगून एका बाजूला चिरतो. मी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की हा आवाज त्यांनी दीड वर्ष ऐकलेला आहे. कागदाशिवाय, पण असंच गंभीरपणे मी त्यांना कितीतरी अहवाल दिले होते. आता कागद होता, शिक्का होता, सही होती, आणि त्यातलं काही त्यांना दिसत नव्हतं. मी थांबलो. माझा शब्द खरा मानायला त्यांच्याकडे काहीच कारण नव्हतं.

आतोबांनी कागद मागितला नाही. हात पुढे केला आणि म्हणाले, "मोदक दे."

मी खोकं उघडून तो त्यांच्या तळहातावर ठेवला. पांढरा राहिला नव्हता, काळपट झाला होता, एका बाजूला चीर गेली होती. त्यांनी तो नाकाशी नेला. मग अंगठ्याने चीर चाचपली, तिथेच अंगठा जरा वेळ ठेवला, आणि हळूच मोदक दाबला. बोटांच्या फटींतून काळं तेल ओघळलं, मनगटापर्यंत गेलं, एक थेंब धोतरावर पडला.

"तेल लागलंय," आतोबा म्हणाले.

आत्या साबण आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. तिने त्यांचा हात धुवायला धरला, तर त्यांनी तो मागे घेतला, बोटांना बोटं घासून पाहिली, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून म्हणाले, "राहू दे जरा."